जर्मनीतल्या गुन्ह्याचा पुरावा आमच्या धुऱ्यावर

प्रति,
मराठीत रहस्यकथा लिहिणारी, छापणारी, ऐकवणारी आणि पडद्यावर आणणारी समस्त मंडळी,
मुक्काम मुंबई, पुणे व इतरत्र

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. वर्ग ‘ड’. अनुदान येतं तेव्हा येतं, पण पुस्तकं रोज जातात. शिवण उसवते ती दोनच कपाटांतल्या पुस्तकांची. एक कपाट स्पर्धा परीक्षांचं, ते पोरं नेतात. दुसरं तुमचं, ते बाया नेतात. म्हणून तुमच्याशी भांडायचा थोडा हक्क मला आहे असं समजून लिहिते.

मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय थरार’ छापलेलं असलं की आत काय असणार ते पुस्तक उघडण्याआधीच कळतं. झुरिकची बँक, बँकॉकचं हॉटेल, दुबईतली गच्ची आणि कुणाच्या तरी बुटात लपवलेला पेन ड्राइव्ह. विदर्भ आलाच तर ओझरता: ऊन, नक्षलवादी, किंवा आत्महत्या केलेला कास्तकार आणि दारात डोक्यावर पदर घेऊन बसलेली त्याची बायको. बाई आली तर पहिल्या प्रकरणात, तीही मेलेली. अलीकडे तुम्ही बाईला डिटेक्टिव्ह करायला लागलात, त्याबद्दल आभार. पण ती एकतर आयपीएस असते नाहीतर लंडनहून शिकून आलेली. तिचा घटस्फोट झालेला असतो, तिला झोप येत नाही आणि ती काळी कॉफी पिते. परीक्षणं लिहिणारे हिला ‘अनपेक्षित नायिका’ म्हणतात. आयपीएस बाईनं खुनी पकडला यात अनपेक्षित काय आहे? तिला पगार त्याचाच मिळतो.

माझं मागणं एवढंच आहे, की एक खरोखरची आंतरराष्ट्रीय रहस्यकथा लिहा आणि तिचा तपास कापूस वेचणीची टोळी घेऊन जाणाऱ्या बाईच्या हाती द्या. हे ग्रामीण स्त्रीच्या सन्मानासाठी वगैरे मागत नाही, तसले सत्कार आठ मार्चला होतात. मागते ते अशासाठी, की जगात काही गुन्हे असे आहेत जे दुसऱ्या कुणाला उकलताच येणार नाहीत.

तुमच्या गोष्टी ऐकतं कोण ते आधी सांगते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. पहिल्या दिवशी वावरात सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होतं, मग बाया ओळी धरतात. पूर्वी वेचता वेचता गाणी व्हायची, सोयरिकी जुळायच्या आणि मोडायच्या. आता कितीतरी जणींच्या एका कानात इअरफोन असतो आणि त्यात तुमची रहस्यकथा चाललेली असते. ज्यांना अक्षर येत नाही त्याही तुमच्या श्रोत्या आहेत. तुमच्या कंपन्यांच्या तक्त्यात त्या दिसत नसतील, कारण एका मोबाइलवर मोठ्यानं लावून तिघी-चौघी ऐकतात. दुपारी भाकर सोडली की खटला उभा राहतो. अशीच एक गोष्ट चालली होती. खुनी रात्री कपाशीच्या शेतातून पळतो, गाडी पकडतो, विमानतळ गाठतो आणि सकाळी सिंगापूर. एक म्हातारी भाकर खाता खाता म्हणाली, “काऊन वं, डिसेंबर म्हनते ना थो? उभ्या पऱ्हाटीतून पयाला अन् कपड्याले कापूस नाई चिकटला? हाताले बोंडाचं टोक नाई लागलं? इमानात बाजूच्यानं इचारलं कसं नाई त्याले?”

डिसेंबरातलं फुटलेलं बोंड सुकून काट्यासारखं टोकदार झालेलं असतं. रोज वेचणाऱ्या बाईच्याही नखांच्या कडा त्यानं सोलतात. अंधारात त्यातून धावलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्याही देशात ओळखू येईल. तुमच्या लेखकानं उभी पऱ्हाटी पाहिली नव्हती. सिंगापूरचा विमानतळ मात्र त्यानं चार पानं लिहिला होता.

आता गुन्ह्याकडे येते. तो मी रचलेला नाही, घडलेला आहे.

कपड्यावर ‘सेंद्रिय कापूस’ असा शिक्का मारायचा तर जगभर जे एक मोठं मानक चालतं, त्याचं नाव ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. ते चालवणाऱ्या संस्थेचं ठाणं जर्मनीत, स्टुटगार्टला. या संस्थेनं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं, की भारतातून आलेल्या सेंद्रिय कापसाच्या कागदपत्रांत पद्धतशीर फसवणूक झाली आहे. सुमारे २० हजार टन कापसाची प्रमाणपत्रं बनावट होती. अकरा कंपन्यांना दारं बंद करण्यात आली. यातली कारागिरी तुमच्या कुठल्याही खलनायकाला लाजवेल अशी होती. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता, तो स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळ उघडायचं आणि प्रमाणपत्र खरं असल्याचं सांगायचं. फक्त ते संकेतस्थळ सरकारचं नव्हतं, हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं होतं. पुढं जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानंही भारतातल्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेत असल्याचं कळवलं.

जगातल्या सेंद्रिय कापसात सगळ्यात मोठा वाटा भारताचा. आणि याच भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेली आहे, जी सेंद्रियच्या नियमात बसतच नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की तुमच्यातल्या कुणालाही पहिलं प्रकरण सुचायला हवं. कुणी लिहिलं नाही. सगळे पेन ड्राइव्ह शोधत बसले.

हा गुन्हा पकडायचा कुठं, यातच सगळी गोम आहे. सरकी, पान, जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरणीतून, निघालेली रुई यांत जनुकीय बदल आहे की नाही ते तपासता येतं. त्याची आंतरराष्ट्रीय पद्धतही २०१९ मध्ये ठरली. पण सूत कातून, कापड विणून, त्यावर रासायनिक प्रक्रिया आणि रंगकाम झालं की ती तपासणी चालत नाही. म्हणजे हॅम्बुर्गच्या दुकानात टांगलेला सदरा प्रयोगशाळेत नेला तरी तो खरं काय ते सांगणार नाही. तिथं उरतो तो फक्त कागद, आणि कागद तर खोटा आहे. जितकं लांब जावं तितका पुरावा मरत जातो. तो जिवंत असतो वावरापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत. तुमच्या झुरिकवाल्या डिटेक्टिव्हला त्या पट्ट्यात कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

त्या पट्ट्यात जिचा वावर असतो ती बाई मी तुम्हाला सुचवते. वय पंचेचाळीसच्या पुढचं. सकाळी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बाया भरून नेते, संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचा कापूस मोजते आणि वहीत लिहिते, कारण मजुरी किलोवर असते, किलोमागे दहा-बारा रुपये. तिनं दोन किलो इकडचे तिकडे केले तर दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीत कुणी बसणार नाही. त्यामुळे तिची वही जिल्ह्यातल्या बऱ्याच कार्यालयांतल्या दप्तरांपेक्षा खरी असते. कुणाच्या वावरात पहिला वेचा कधी झाला, तिसऱ्या वेच्यात कवडी, म्हणजे किडका कापूस, किती निघाली, कुणी जानेवारीत पऱ्हाटी उपटली आणि कुणी ती पुढच्या बहारासाठी फरदड म्हणून ठेवली, सगळं तिच्याकडे आहे. तिला शेरलॉक करू नका. भिंग, पाइप, विक्षिप्तपणा काही नको. तिला फक्त हिशोब चुकलेला सहन होत नाही.

तिच्या तपासाची पहिली पायरी अशी असेल. आमच्याकडे तणनाशक सहन करणारं, मान्यता नसलेलं एचटीबीटी बियाणं कित्येक वर्षं विकलं जातं. लोक त्याला चोरबीटीच म्हणतात. हे लपूनछपून चालतं असंही नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं सत्याग्रह म्हणून त्याची जाहीर पेरणी केली होती. कास्तकार ते पेरतो कारण निंदणाची, म्हणजे तण काढण्याची, मजुरी परवडत नाही. एक फवारणी केली की तण जळतं आणि पऱ्हाटी उभी राहते. आता हे उलट्या बाजूनं बघा. निंदण हे बायांचं काम. म्हणजे कुणी चोरबीटी पेरली हे ओळखायला तिला प्रयोगशाळा लागत नाही. ज्यानं जुलै-ऑगस्टात निंदायला बोलावलंच नाही, त्यानं ती पेरली. आणि सेंद्रिय शेती करणाऱ्याला तर तणनाशक चालतच नाही, त्याला इतरांपेक्षा जास्त निंदण लागतं. तेव्हा ‘सेंद्रिय’ म्हणून यादीत ज्याचं नाव आहे आणि ज्याच्या बांधावर सगळ्या पावसाळ्यात एकही निंदणारी बाई गेलेली नाही, तो एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही की त्याचं नाव त्या यादीत आहे.

हे दुसरं जास्त भयंकर आहे आणि तुमच्या उपयोगाचंही. सेंद्रिय प्रमाणीकरण एकेकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून गटाला एकत्र प्रमाणपत्र मिळायची सोय आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात एका गटात २५ पासून ५०० पर्यंत शेतकरी बसत आले. यादी, सातबारा, आधारची झेरॉक्स. आमच्या भागात झेरॉक्स कशा-कशासाठी मागतात ते सांगायला नको: पीकविमा, बियाण्याचं अनुदान, कर्जमाफी, महिन्या-दोन महिन्याला एक नवा अर्ज. त्यातली एक प्रत भलत्या फायलीत गेली तर कास्तकाराला कसं कळणार? तो इकडे चोरबीटीला तणनाशक मारतोय आणि तिकडे जर्मनीत त्याच्या नावानं सेंद्रिय सदरे विकले जाताहेत. यादीतली काही नावं तर वारलेल्या माणसांची निघतील. त्यांच्या तेरवीला ही बाई स्वतः जेवून आलेली असेल.

आता आकडे. घाबरू नका, हा सगळा हिशोब ती तोंडी करते. समजा यादीत ४०० कास्तकार, सरासरी चार एकर, एकरी पाच क्विंटल. झाले आठ हजार क्विंटल. सरकी काढली की पाच क्विंटल कापसाची साधारण एक गाठ रुई होते, १७० किलोची. म्हणजे सोळाशे गाठी. कागदावर चोख बसतं, मुंबईतल्या आणि परदेशातल्या तपासनीसाला यात काही खटकणार नाही. पण चांगल्या वेच्याला एक बाई दिवसभरात पन्नास किलोच्या आसपास वेचते. आठ हजार क्विंटल वेचायला सोळा हजार दिवसांची मजुरी लागेल. हंगामाचे भरगच्च साठ दिवस धरले तर रोज पावणेतीनशे बाया त्या वावरांत हव्यात. आणि त्या शिवारात वेचणीला जाणाऱ्या बायाच सगळ्या मिळून शंभर-सव्वाशे, त्यातल्या निम्म्या तिच्याच गाडीत. म्हणून तुमच्या कादंबरीत कुणीतरी सुटाबुटातला साहेब प्रोजेक्टरवर आलेख दाखवत असताना ती मागच्या खुर्चीवरून एकच प्रश्न विचारेल: “एवढा कापूस वेचला कोनं?”

‘खून कुणी केला’ हा प्रश्न तुम्ही हजार वेळा विचारून झालात. हा कुणी विचारलेला नाही.

तरी एक खून तर हवाच, हे मलाही कळतं. शंभर पानं नुसत्या गाठी मोजायला आमच्या बायाही तयार होणार नाहीत. तेव्हा घ्या: गटाच्या नोंदी करणारा, मोटरसायकलवर गावोगाव फिरणारा एक तरुण पोरगा मेलेला सापडतो. विहिरीजवळ, बाजूला कीटकनाशकाची बाटली, आणि सगळे म्हणतात फवारणीची विषबाधा. आमच्या जिल्ह्यात हे कुणालाही पटकन पटेल. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी आमच्या गावातल्या पोरांचे डोळे कसे झाले होते ते अजून लोक सांगतात. आता महिना मार्चचा ठेवा. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या, हरभरा काढून झालेला, वावरं नांगरायला घेतलेली. फवारायचं कशावर? ठाण्यातल्या साहेबाची बदली मोठ्या शहरातून झालेली असली तर त्याला हे सुचणार नाही, पंचनामा होऊन जाईल. तिला पहिल्या क्षणी सुचेल. शिवाय बाटलीवरचा त्रिकोण. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर विषारीपणाच्या दर्जाप्रमाणे लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा त्रिकोण असतो. इंग्रजी नाव वाचता येवो न येवो, रंग सगळ्यांना कळतो. गावातल्या कृषी केंद्रात त्या हंगामात कुठल्या रंगाचा माल आला होता ते दुकानात बसणाऱ्या पोरापेक्षा दुकान झाडणाऱ्या बाईला जास्त आठवतं, आणि ती बाई वेचणीच्या दिवसांत आपल्या नायिकेच्याच टोळीत असते.

तिच्या मदतीला कोण कोण उभं करता येईल ते बघा. आशाताईकडे गावातल्या प्रत्येक घरची खबर असते, साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. पोलीस पाटील बाई असेल तर सोन्याहून पिवळं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं संशयास्पद मृत्यूची वर्दी द्यायची जबाबदारीच तिच्यावर आहे. तरीही मराठी रहस्यकथेत पोलीस पाटील आला तर मिशीवाला आणि सरपंचाच्या खिशातला. पाटीलबाई अजून एकाही पुस्तकात मला भेटलेली नाही. या तिघी आठवडी बाजारात भाजी घेता घेता भेटतील. गुप्त बैठकीसाठी तुम्हाला तळघर बांधायची गरज नाही.

परदेशाचं काय, असं तुम्ही विचाराल. तिच्याकडे पासपोर्ट नाही. नको. मुखपृष्ठावर विमान छापायचं असेल तर छापा, पण आत गाठ प्रवास करू द्या, बाईला कशाला नेता? आमच्या जिनिंगमधून निघालेली रुई बांगलादेशात जाते, तिथल्या सुताचा सदरा युरोपात जातो. प्रत्येक ठिकाणी एक माणूस कागदावर सही करतो आणि प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं. स्टुटगार्टमध्ये एखादी कारकून बाई ठेवा, जिला आकडे जुळत नसल्याचा संशय आहे पण कापूस कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दोघींचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, मधे दुभाषी म्हणून नागपूरला जर्मन शिकलेली कुणाची तरी पुतणी. तिकडे सकाळ असताना इकडे दुपारची भाकर सुटलेली असेल आणि रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली. यात जो विनोद आहे तो कृपया वाया घालवू नका.

आणि इंटरपोल आवरा. तुमच्या पुस्तकांत इंटरपोलचा इन्स्पेक्टर पिस्तूल घेऊन येतो आणि बेड्या घालतो. इंटरपोलचं मुख्यालय फ्रान्समध्ये लिऑं इथं आहे, १९६ देश सदस्य आहेत, पण अटक करायला त्यांचे स्वतःचे शिपाई नाहीत. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. ती इतर देशांच्या पोलिसांना केलेली विनंती असते आणि अटक करायची की नाही ते ज्या-त्या देशाचा कायदा ठरवतो. भारतात हे सगळं दिल्लीत सीबीआयमार्फत चालतं. म्हणजे घाटंजीतल्या एका वहीचं पान जर्मनीतल्या टेबलापर्यंत अधिकृतपणे पोचायला किती टेबलं ओलांडावी लागतील याचा विचार करा. तुमचा नायक हे एका फोनमध्ये करतो. खरा थरार त्या टेबलांमध्ये आहे, कारण तेवढ्या वेळात जिनिंगचा मालक नोंदवही बदलू शकतो, गोडाउनला आग लागू शकते आणि टोळीतल्या दोन बाया अचानक दुसरीकडे कामाला जाऊ शकतात.

आमच्या मातीत हे नवं आहे असंही समजू नका. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावानं इथला कापूस तिथल्या बाजारात ओळखला जात होता. भाव चढले तसे लोक गाठीत सरकी, माती, पाणी घालायला लागले आणि मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्यासाठी निरीक्षक नेमले. पुढं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब कॉटन कमिशनर होता. घोड्यावरून फिरणारा कापूस-डिटेक्टिव्हच म्हणा. तुमच्यात कुणाला ऐतिहासिक रहस्यकथा लिहायची हौस असेल तर हा विषय दीडशे वर्षं पडून आहे. गोरा साहेब गाठी फोडून बघतोय आणि त्या भरताना कुणी काय मिसळलं ते माहीत असलेली बाई शेजारी उभी आहे. तिला कुणी काही विचारत नाही, कारण ती मजूर आहे.

लिहायला घ्याल तेव्हा काही गोष्टी मात्र पाळा. गावात फासेपारध्यांच्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, माणूस दिसला की तो संशयित, ही खोड सोडा. १८७१ च्या कायद्यानं त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, तुमच्या पुस्तकांतून अजून गेलेला नाही. खरोखरचे सेंद्रिय शेती करणारे कास्तकार आमच्या जिल्ह्यात आहेत, वर्ध्यात आहेत, अकोल्यात आहेत. खोट्या गाठींनी भाव पाडला तर सगळ्यात आधी तेच मरतात. त्यांना चोर करू नका. तुमच्या कथेत ते फिर्यादी असले पाहिजेत. आणि चोरबीटी पेरणाऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, पण निंदणाचे पैसे कुठून आणायचे या त्याच्या प्रश्नाला उत्तर असेल तरच करा. आपल्या नायिकेचीही इथं पंचाईत होऊ द्या. चोरबीटीनं तिच्या टोळीचं पावसाळ्यातलं काम गेलं आहे, तेव्हा ती उघडी पडावी असं तिला मनातून वाटतं. पण ज्याचं नाव बाहेर येईल त्याच्याच वावरात दिवाळीनंतर वेचायला जायचं आहे. मला वाटतं पुस्तकाचा मधला सगळा भाग या पेचावर उभा राहील, आणि तो नीट लिहिणारा लेखक आपल्याकडे आहे असा माझा अंदाज आहे. नाव सांगत नाही, बाकीचे रुसतील.

विधवेबद्दलही बोलायला हवं. आमच्याकडच्या विधवा तुमच्या गोष्टीत फक्त रडतात. २०१७ च्या विषबाधेनंतर मेलेल्या दोन शेतकऱ्यांच्या बायका आणि वाचलेला एक शेतकरी यांनी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला कीटकनाशक कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाया, युरोपातलं न्यायालय. दाव्याचं काय व्हायचं ते होईल, त्यावर मी बोलणार नाही. पण तुम्ही झुरिकची बँक चार पानं रंगवत होता तेव्हा त्याच देशात आमच्या बायांचे कागद पोचले होते, आणि तुमच्यातल्या एकालाही त्यात गोष्ट दिसली नाही, याचं मला नवल वाटतं.

ऑडिओवाल्यांना वेगळी विनंती आहे. निवेदकाला ‘वऱ्हाडी ढंग’ द्यायचा म्हणून प्रत्येक वाक्यात ‘बाप्पा’ घालू नका, आमच्या बाया मोबाइल बंद करतात. चार संवाद नीट बोलणारी एखादी यवतमाळची किंवा दारव्ह्याची पोरगी शोधा. सापडेल.

आणि शेवटाबद्दल एक सूचना. तिला पुरस्कार देऊ नका, पोलीस अधीक्षकांच्या हस्ते साडीचोळी नको. मालक पकडला गेला तर जिनिंग बंद पडेल, चाळीस माणसांचा रोजगार जाईल, त्यातले काही तिचे सोयरे असतील आणि ते तिच्याशी बोलणार नाहीत. पुढच्या हंगामात तिच्या गाडीत किती बाया बसतात ते दाखवा.

लिहायला यायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या. एक दिवस ओळ धरून वेचा, संध्याकाळी काट्यावर तुमचे किती किलो भरतात ते बघू. दव वाळेपर्यंत वावरात शिरू नका, ओला कापूस जड भरतो आणि बाया तुमच्याकडे संशयानं बघतील. मुक्काम वाचनालयात करता येईल, गादी आहे, पंखा आहे, वीज असेल तर चालतो. हस्तलिखित तयार झालं की छापण्याआधी एकदा इथं वाचून दाखवा. खुनी कोण ते बायांनी निम्म्यातच सांगितलं तर परत जाऊन नवीन लिहायचं. वाचन वेचणीच्या दिवसांत ठेवलंत तर त्या दिवसाची मजुरी तुमच्याकडून, प्रत्येकीचे किलो टोळीवाली बाई लावून देईल. एप्रिलात ठेवलंत तर मजुरी पडणार नाही, फक्त ऊन तुमचं तुम्ही सोसा.

आपली,
एक ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय, ता. घाटंजी, जि. यवतमाळ